स्पंज, गाणी आन् तुमची मान

अहो,

भाकरी टोपल्यात हाय, कालवण गरम करून घ्या. वारं कानात घुमतं म्हणून तुम्ही माझ्या मशीनच्या स्टुलाचा स्पंज कापून हेल्मेटात कोंबला, वर कानात गाणी. काल पाटसला पंपावर मी उतरले, तर पेट्रोल भरून तुम्ही एकटेच केडगावला आलात. मी मागनं ओरडत होते. टमटमनं घरी पोचले तर म्हणता, "मला वाटलं, मागं गप बसलीयस."

पंपाच्या आधी मी विचारत होते, कारेगावच्या कंपनीत बोलावलंय, जाऊ का? तवा तुमची मान हलली. ती गाण्यावर हलली, हे मला आता कळतंय. तरी मी तो होकारच धरलाय आन् पहिल्या पाळीला चालले.

करुणा