बाबांच्या बदल्यात बुंदी

बोरगाव मेघे, वर्धा

प्रिय रोशन,

फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. बाबा मजेत आहेत. दवाखान्यातून आले तेव्हा चार पावलं टाकली की धाप लागायची, आता फाटकात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवतात. भूकही परतली आहे. काल वांग्याचं भरीत तिखट नाही म्हणून ताट सरकवलं. तेव्हा त्यांची काळजी करू नकोस. तशी तू करत नव्हतासच.

बुंदी मात्र का गेली, ते मला अजून कळलेलं नाही. बाबा घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूधवाल्यावर भुंकली, शेपटी हलवत माझ्याकडे आली आणि पायाशी आडवी झाली. मला वाटलं, लाड करून घेते आहे. पोटावर हात फिरवत मी तिला आळशी म्हटलं. वर्षाचीसुद्धा नव्हती रे. गुरांच्या डॉक्टरांनी उलटीपालटी करून पाहिलं. तोंडाला फेस नाही, कुठे दंश नाही. म्हणाले, कधीकधी काहीच सापडत नाही. मी त्यांच्याशी भांडले. मग सीताफळाच्या झाडाखाली तिला पुरलं, हात धुतले आणि ऑफिसला गेले.

संध्याकाळी परतले तोवर घरात कारण सापडलं होतं. शेजारच्या भागीरथाकाकू बाबांच्या पलंगाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्यावरचं तिनं आपल्यावर घेतलं, भाऊजी."

पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरासारखा बाबांचा चेहरा उजळला. तेव्हापासून जो येतो तो त्यांचं अभिनंदन करतो. काकूंनी शिरा करून आणला. बाबा सगळ्यांना सांगतात, त्या दिवशी सकाळी बुंदी आत आली, माझे पाय चाटले आणि मगच गेली. खोटं आहे. ती त्यांच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नसे, काठी बसायची तिला. आता तीच काठी टेकत सीताफळापाशी जातात आणि पाहुण्यांना जागा दाखवतात. मी रडले की मलाच समजावतात, अगं, वाया नाही गेली ती. मला निदान 'का' म्हणत बसायचं होतं, तेवढंही यांनी राहू दिलं नाही.

परवा जेवता जेवता म्हणाले, "रोशनले सांग, एखादं पिल्लू आणून ठेव म्हणा. घरात असलं बरं राह्यते."

आणि आज तुझा फोटो आला. जाम गावातल्या तुझ्या दुकानामागे झालेलं काळं पिल्लू, खाली हसरा चेहरा, रविवारी घेऊन येतो म्हणून. छान आहे पिल्लू. कान बुंदीसारखेच आहेत. ते बाबांच्या पुढच्या दुखण्यासाठी मी वाढवणार नाही, म्हणून हे पत्र. रविवारी गाडी रिकामी आण आणि बाबांना घेऊन जा. त्यांचे कपडे आणि गोळ्या मी भरून ठेवल्या आहेत. तुम्ही सगळे म्हणता तशी अदलाबदल खरंच होत असेल, तर ती होताना मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी बुंदीला ठेवून घेतलं असतं. हे बाबांना वाचून दाखवलंस तरी चालेल.

तुझीच,
मोहिनीताई