तबकातला शेवटचा पेला

प्रिय ठकू,

पत्र बघून दचकू नकोस, मी चांगली धडधाकट आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण तुला ऐकलेलं राहत नाही, वाचलेलं राहतं, आणि हे राहायला हवं. लाँड्रीतल्या कामावरून आलीस की चहा घे, दार लाव, मग वाच. मध्येच उठून कपाट आवरायला लागशील, तसं करू नकोस हं.

इकडे सगळं तसंच आहे. मावशीची कवळी तीन दिवस हरवली होती, शेवटी फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्यामागे सापडली, आणि तीच बाई मला म्हणते की तुझं वय झालं. माझं नाक मात्र खरंच गेलंय. तीस वर्षं ज्या नाकावर पगार घेतला, त्याला आता दूध करपलेलं कळत नाही. दोन वर्षं झाली, एकही वास नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

परवा मला त्या संशोधन केंद्रात बोलावलं होतं. ज्या मुलांच्या आया गरोदरपणी दारू प्यायल्या, त्यांच्या मेंदूवर आणि चेहऱ्यावर मोठेपणीपर्यंत काय खुणा राहतात ते तिथे तपासतात. आणि त्यांच्याशी ताडून बघायला एक दुसरा गट असतो, काहीही न झालेल्यांचा. त्या दुसऱ्या गटात तू आपणहून नाव दिलंस. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा तू मला एका दिवसात तीनदा फोन केलास, आई, मी नॉर्मल गटात आहे म्हणून. ते पत्र फ्रेम करून भिंतीला लावलंस. शाळेने काढलं, दोन नोकऱ्या गेल्या, आणि आता कुठे कुणीतरी तुला पास केलं होतं. मलाही आनंद झाला गं, शप्पथ. आईने भरायच्या फॉर्मवर प्रश्न होता, गरोदरपणात मद्य घेतलंत का. मी 'नाही' लिहिलं, पेनसुद्धा अडखळलं नाही.

ह्या वेळी आयांच्या चेहऱ्यांचे फोटो घ्यायचे होते. बाहेरच्या खोलीत पहिल्या गटातली सहा-सात मुलं बसली होती. कुणी गोरं, कुणी काळं, सगळी वेगवेगळ्या घरची, वेगवेगळ्या भाषा बोलणारी. आणि तरी एका आईची भावंडं वाटावीत अशी. मी उगीच पायांकडे बघत बसले. त्यातली एक चार वर्षांची चिमुरडी उठली, सरळ माझ्या मांडीवर चढली, माझ्या कॉलरमध्ये नाक खुपसलं आणि झोपून गेली. तिला सांभाळणारी बाई गडबडीने उठून आली. म्हणाली, अहो, ही कुणाकडेच जात नाही.

हे असंच मी आधी अनुभवलेलं आहे. तू तान्ही असताना मी कामावर गेले की दिवसभर रडायचीस. संध्याकाळी मी आले की माझ्या एप्रनमध्ये नाक घालायचीस आणि गप्प. पुढे पुढे बाबा माझा न धुतलेला एप्रनच पाळण्यावर टांगून ठेवायचे. आम्ही कौतुकाने हसायचो, आईचा वास कसा ओळखते लबाड! आता वाटतं, तो वास माझा नव्हताच.

आतल्या खोलीत संशोधक बाई होत्या, तुझ्याच वयाच्या, बोलायला गोड. फोटो झाल्यावर मी सहज विचारलं, एवढ्या फोटोंचं करता काय? त्यांनी पडद्यावर एक चेहरा दाखवला. पहिल्या गटातल्या दोनशे मुलांचे चेहरे एकत्र करून यंत्राने बनवलेला. तसा माणूस कुठेच नाही. तीळ नाही, व्रण नाही, केस नाहीत, वय नाही. डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ, आणि नाकाखाली जिथे पन्हळ असते तिथे सपाट. त्यांनी बोटाने तो हळूहळू वळवला. तो वळला आणि माझ्याकडे बघायला लागला. ठकू, तू होतीस. खोलीत कशाला आले ते विसरल्यावर तू दारात उभी राहून बघतेस ना, तश्शी बघत होतीस. आणि त्या बंद खोलीत मला वास आला, मद्याच्या पिंपाच्या ओल्या लाकडाचा, अगदी स्वच्छ. मी विचारलं, कुणी बाटली उघडली का? त्यांनीही हवा हुंगली आणि नाही म्हणाल्या.

आता ऐक. मद्याच्या कारखान्यात चव बघणारा माणूस 'प्यायलो' असं कधीच म्हणत नाही. एका तबकात बारा पेले. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, बादलीत थुंकायचा. फक्त शेवटचा पेला गिळायचा, कारण घशातून कसं उतरतं ते गिळल्याशिवाय कळत नाही. दिवसाला सहा तबकं. ते काम होतं, पिणं नव्हे. आमचे साहेब तर घरी बाटलीसुद्धा येऊ द्यायचे नाहीत. तू पोटात असताना पार्टीत कुणी ओतायला आलं की मी पेल्यावर हात ठेवायचे आणि मनात स्वतःची पाठ थोपटायचे. पाचव्या महिन्यानंतर थुंकताना मळमळायचं, म्हणून जास्तच गिळायला लागले. सुरुवातीला शेवटच्या पेल्यानंतर तू लाथ मारायचीस. मग मारेनाशी झालीस. दुपारभर अजिबात हालचाल नाही. मी सगळ्यांना सांगायचे, काय शहाणं बाळ आहे, आईला काम करू देतं. आठव्या महिन्यापर्यंत करू दिलंस.

आणि त्या बाळाला मी पुढे काय काय म्हटलं! वेंधळी, आळशी, मुद्दाम करतेस. सातचा पाढा येईना म्हणून तुला दाराबाहेर उभं केलं, शेजारणीला हसू दिलं. मला लाज वाटते, ठकू. त्या दिवसाची आठवण आली की जेवण जात नाही.

मी बाईंकडून फॉर्म परत मागितला. 'नाही' खोडून लिहिलं, रोज सहा पेले, कधी जास्त, आठव्या महिन्यापर्यंत. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, तिला ह्या गटात ठेवता येणार नाही. नुसत्या चेहऱ्यावरून काही ठरत नाही, नीट तपासू. विसरण्यावर उपाय सांगणारी, कामाची घडी बसवायला मदत करणारी माणसं आहेत. शेवटी विचारलं, तिला कोण सांगणार? मी म्हटलं, मी. सोमवारी त्यांचा फोन येईल तुला. त्याआधी हे पोचावं म्हणून लिहिलं. तू माझ्यावर रागाव, बोलू नकोस, तुझा हक्क आहे. फक्त एक कर. ते फ्रेममधलं पत्र काढावं लागलं, तर फ्रेम रिकामी ठेवू नकोस, हा कागद लाव. ह्याच्यावर लिहिलंय की तुझं कधीच काही चुकलं नव्हतं, आणि खाली माझी सही आहे.

तुझीच,
आई