चहा घेऊन गेलेला हवालदार

उस्मानपुरा, ७ ऑगस्ट २०२५

चि. गोकुळ यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा पॅरोल नामंजूर झाला. कारण वाचून माझं डोकं फिरलंय. म्हणे आई चालती-फिरती आहे, प्रकृती ठीक दिसते! मायचं हृदय थकलंय, तिनं अंथरुणातून उठायचं नाही, असं घाटी दवाखान्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. ते कुणी वाचलंच नाही का?

झालं असं, की हवालदार चौकशीला देवगावला गेला. दारात पाहुणा दिसला आणि माय उठली. धुतलेलं लुगडं नेसली, चहा टाकला, बशीत बिस्किटं मांडली. तब्येतीचं विचारलं तर लई बेस म्हणाली. मी नंतर रागावले तर मलाच म्हणते की दारी माणूस आला अन् मी पडून राहू व्हय. त्यानं चहा घेतला आणि जे पाहिलं ते लिहून दिलं. त्यावर वरच्या साहेबांनी नकाराची सही ठोकली.

सर्जेरावांनाही विचारलं होतं. त्यांचा सख्खा भाऊ तुझ्या हातून गेला, तरी ते म्हणाले की म्हातारीला लेक भेटू द्या, माझी हरकत नाही. त्यांच्या शब्दापेक्षा कपभर चहा जड झाला. मी पुन्हा अर्ज करतेय. तू तिथं कुणाशी भांडू नकोस, भांडायला मी आहे. जपून राहा, माया आहेच.

तुझी ताई,
दीपमाला

तुरुंगातून, १८ ऑगस्ट

ती. सौ. ताईस गोकुळचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आधी इथले साहेब वाचतील. वाचू देत. मायच्या चहाचं वाचून आधी हसलो, मग जेवण गेलं नाही. माझ्या बराकीतल्या सोमनाथचा बाप वारला तेव्हा त्याला लगेच सोडलं. तोच बाप आजारी होता तेव्हा चौकशीच संपत नव्हती. मेलेल्या माणसावर यांचा लगेच विश्वास बसतो.

मायला माझी शपथ घाल. पोलिस पुन्हा आला तर उठायचं नाही, चहा करायचा नाही. राग आवर आणि लोभ वाढव.

तुझा,
गोकुळ

तुरुंगातून, १५ सप्टेंबर

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

ताई, पॅरोल मंजूर झाला! सोमवारी येतोय. हवालदार आला तेव्हा माय उठली नाही, एवढंच तू लिहिलं होतंस. एकदाची ऐकली म्हणायची! आता शपथ सुटली म्हणून सांग. मी येईन तेव्हा खुशाल उठू दे. चहा तिच्याच हातचा, भरपूर आलं टाकलेला. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
गोकुळ

देवगाव रंगारी, १८ सप्टेंबर

चि. गोकुळ यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मायला वाचून दाखवलं. हसली. तुला सगळं लिहिलं नव्हतं, ते आता लिहिते. तिनं तुझी शपथ पाळली नाही रे. हवालदार दारात दिसताच पदर सावरला, हात टेकून उठायला गेली. उठताच आलं नाही. पडल्या पडल्याच चहा राहिला म्हणून त्याची माफी मागितली. त्यानं मान खाली घातली आणि तेच लिहून नेलं.

म्हणून सही झाली. ऑगस्टमध्ये आला असतास तर तिनं तुला वाढलं असतं. याचा राग माझ्या मनातून जायचा नाही, जाऊ देणारही नाही.

सोमवारी थेट घरी ये. आलं आणून ठेवलंय. चहा तू कर आणि तिला चमच्यानं पाज. वाट पाहते.

तुझी ताई,
दीपमाला