मागची ओळ

दादा,

इथे आखातात आमच्या गॅरेजमध्ये एक गाडी टेपच्या कामाला आली होती. वायर जोडून बटण दाबलं, तर कुठल्यातरी परक्या भाषेतलं गाणं सुरू झालं. गाडीवाला म्हणाला, "माली देशातलं आहे, तिथल्या वाळवंटातलं." गिटार एकाच सुराभोवती घुटमळत होती आणि साथीला नुसत्या टाळ्या. एकजण ओळ टाकायचा, बाकीचे मागून उचलायचे. अगदी आपल्या भजनासारखं, तू टाकायचास आणि मी मागून उचलायचो. अक्षर कळत नव्हतं, तरी तिसऱ्या वेळेला मीही उचललीच! तेवढ्यात अर्बाब, आमचा मालक, ओरडला, "जितेश, खलास! गाडी दे त्याची."

ते गाणं मी मोबाईलवर घेतलंय. शुक्रवारी सुट्टीला खोलीतले सगळे रुवीच्या बाजारात जातात, तेव्हा मोठ्याने लावतो आणि मागची ओळ म्हणतो. त्या गाणाऱ्याला माझी गरज नाही. त्याच्यामागे पुष्कळजण आहेत.

हे पत्र काही धाडणार नाही. तू विचारशील, "येतोस कधी?" आणि मी पुन्हा "बघू" म्हणेन. पण परवा वहिनी फोनवर म्हणाली, भजनात ओळ टाकलीस की तू अजून मागे वळून बघतोस.

वादी कबीरहून,
तुझा पाठचा,
जितेश