बैठकीतून वारंवार उठण्याचा खुलासा

तीर्थस्वरूप साडूबुवा सोनाजीराव यांस,

रिठदहून धाकट्या साडूचा, म्हणजे दौलतरावचा, मनापासून रामराम. इकडे वांगी बरी आहेत, मिरची रुसली आहे आणि आमच्या सौभाग्यवती तुळसाबाईंची तब्येत माझ्यावर ओरडण्याइतकी ठणठणीत आहे. तुमचे गुडघे आणि गोमतीबाईंचा दमा कसा आहे ते कळवावे. मोबाइल असताना पत्र कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात, आणि हा मजकूर शेजारच्यांनी ऐकावा असा नाही. (थांबा, एकदा जाऊन येतो.)

आलो. तर शिरपूर जैन गावी झालेली लग्नाची बैठक. सोयरीक तुम्हीच जमवलेली. हल्ली शेती करणाऱ्या पोराला मुलगी द्यायला कोणी धजत नाही. आमच्या स्वप्निलला दोन वर्षे नुसते नकार पचवावे लागले. रुचिका ही पहिलीच मुलगी, जिने पगार न विचारता मळ्यात काय काय लावता ते विचारले. पोरगा तिथेच कामातून गेला. आता हे जमले नाही तर तो दुसरी मुलगी पाहायला येईल असे मला वाटत नाही. आणि हे मोडायला आले ते केवळ माझ्या उठण्यामुळे, हेच माझ्या जिवाला लागले आहे.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. बैठकीत मुलाचा बाप उठून बाहेर गेला की तो आभाळ बघायला जात नाही. बाहेर लिंबाखाली कानगोष्टी होतात आणि आत येताना नवी मागणी येते. मी मात्र निराळ्याच कारणाने उठत होतो. पहिल्यांदा चहानंतर गेलो. परत येऊन बसतो तर मुलीचे वडील रामधनजी म्हणाले, "बरं, मोटरसायकल देऊन टाकू." मी काहीच मागितले नव्हते. काय बोलावे सुचेना म्हणून तांब्याभर पाणी प्यालो. (ही चूक.) दुसऱ्यांदा जाऊन आलो तर लोखंडी कपाट कबूल झालेले. तिसऱ्यांदा फ्रिज. मी बाहेरून हलका होऊन यावे आणि आत त्या गरीब माणसाचे ओझे वाढलेले असावे, असा प्रकार चालला होता. चौथ्यांदा आलो तेव्हा रामधनजींनी उठायच्या तयारीने टोपी डोक्यावर घातली होती आणि ते भिंतीकडे बघून म्हणत होते, "सोयऱ्याचं समाधानच होऊन नाई राह्यलं. कायले लोकायले बसवून ठेवता?"

तुम्हीही माझ्याकडे डोळे वटारून पाहिलेत. तेव्हाच खरे सांगायला हवे होते. पण समोर एवढी जुनीजाणती मंडळी, दाराआड बायका, तिथे हे कोणत्या तोंडाने सांगावे? मी नुसते "पाहू" म्हणालो आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. त्यानंतर शिरपूरहून एकच निरोप आला, की सुपारी सध्या थांबवा. (पुन्हा आलोच.)

मग तुळसाबाईंनी मला पुन्हा वाशीमला डॉक्टरकडे ओढत नेले. मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची गाठ प्रत्येक पुरुषाला असते म्हणे. वय झाले की ती वाढते आणि लघवीची वाट आवळते. माझी चांगलीच फुगली आहे. खत न घालता वाढलेले माझ्या मालकीचे हे एकच पीक. गोळ्या दिवाळीपासून चालू आहेत, पण आता त्या पुरत नाहीत. डॉक्टर म्हणाले, लेझरने करू. पोटावर चीर नाही, टाके नाहीत, एक-दोन दिवस नळी राहील आणि मग घरी. मी खूश झालो. मग सहज विचारले, की चीर नाही तर आत जाणार कोणत्या वाटेने? त्यांनी वाट सांगितली. त्याबरोबर मला मळ्यातली मोटर चालू राहिल्याची आठवण झाली आणि मी तडक एसटी गाठली. (रिठदला सकाळपासून लाइनच नव्हती, हे मागाहून कळले.)

तुळसाबाई मागच्या गाडीने आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "ठिबकची नळी चोंदली त नळी साफ करता का वावर खनून काढता? डाक्टर बी वाटच मोकळी करून राह्यला. काहून पळता?" पण ठिबकच्या नळीला भीती वाटत नाही, मला वाटते. साडूबुवा, तुमच्यापाशी काय लपवू, मी फार घाबरलो आहे. ऑपरेशनची सोमवारची तारीख घेतली आहे आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही, कारण असो वा नसो.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांच्या पाया पडतो. लोभ आहेच, तो राहू द्यावा.

तुमचा,
दौलतराव

ता. क. खरे काम राहिलेच. तुम्ही शिरपूरला जाऊन रामधनजींना माझ्या उठण्याचे कारण सांगावे. मोटरसायकल, कपाट, फ्रिज काही नको, फक्त मुलगी द्या म्हणावे. बायकांसमोर गाठीचे नाव काढू नये, पोटाचे आहे म्हणावे.

आणखी ता. क. शिरपूरला जाऊ नका. भाजीच्या टेम्पोबरोबर पत्र न्यायला दिले तर स्वप्निलने ते उभ्या उभ्या वाचले. (पाकीट नव्हते.) तो म्हणतो, रुचिकाला माझ्या दुसऱ्या फेरीलाच कळले होते. तिच्या आजोबांचे असेच होते. लाजेपायी त्यांनी कोणाला सांगितले नाही, एक दिवस लघवी अजिबात अडली, किडन्या गेल्या आणि माणूसही गेला. तिने त्याच संध्याकाळी वडिलांना सांगितले. रामधनजी रागावलेले नाहीतच. सुपारी थांबवली आहे ती पोरीने. ती स्वप्निलला फोनवर म्हणाली, "पह्यले मामंजीचं ऑपरेशन, मंग सुपारी. एक म्हातारा लाजेपायी गेला, दुसरा जाऊ देनार नाई."

अजून घरात आली नाही आणि माझी काळजी करते, हे ऐकून मला रडू आले. आता मागणी मुलीकडची आहे, ती पुरवणे भाग आहे. तर तुम्ही सोमवारी वाशीमच्या दवाखान्यात या, खुर्ची दाराला लावून बसा, आणि मी उठलो तर या खेपेला मला बाहेर जाऊ देऊ नका.