चौथ्या पाळण्यापाशी गार लागतं

प्रिय बडबडे,

सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा पाकिटावरचं अक्षर बघून चमकशील. पण गेल्या मंगळवारी जे पाहिलं, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

नव्या मेट्रनबाई आल्यापासून आपल्या नवजात बाळांच्या वॉर्डात रोज सकाळी पंधरा मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसायचं ठरलंय. मोठे डॉक्टर, आम्ही सकाळ-संध्याकाळच्या सगळ्या सिस्टर, फरशी पुसणाऱ्या मावशी, सगळे त्याच प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. एकेकाने बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. पहिले काही दिवस मावशी नुसतं "माझं काही नाही" म्हणायच्या.

मंगळवारी विषय निघाला चौथ्या पाळण्याचा. त्यात ठेवलेल्या बाळांचं वजनच वाढेना. चार महिने हेच चाललेलं. औषधं बदलली, दुधाच्या वेळा बदलल्या, माझ्यावरही ठपका आला. मावशींची पाळी आली. खाली बघतच म्हणाल्या, "दुपारी एसी वाढवला की तिथं पुसताना माझ्या मानेला गार लागतं. बाळालाही लागत असेल. मी दांडीवर टॉवेल टाकते, पण संध्याकाळच्या सिस्टर काढून ठेवतात."

संध्याकाळची सिस्टर म्हणजे मीच गं. पसारा नको म्हणून काढायची.

मोठ्या डॉक्टरांनी एसी वाढवायला लावला, स्टुलावर चढले आणि पाळण्यावरच्या एसीच्या जाळीखाली हात धरून झोत कुठे पडतो ते बघत राहिले. मग मावशींसमोर येऊन बसले. "आणखी काय काय दिसतं तुम्हाला?" मावशी बोलू लागल्या. कुठलं बाळ कोणत्या कुशीवर निजतं, कुठल्या आईचे पाय सुजलेत, कुठलं दार आदळलं की सगळी बाळं दचकतात. अकरा वर्षं ही बाई बादली घेऊन आमच्यामधून ये-जा करत होती, आणि एवढं सगळं तिच्यापाशी होतं. पाळणा त्याच दिवशी हलवला. त्यातली चिमुरडी आता छान बाळसं धरतेय.

असं एकत्र बसावं, असं सुचवणारा कागद सहा वर्षांपूर्वी आपण दोघींनी मिळून लिहिला होता. तू तो वाचून दाखवलास तेव्हा त्या वेळचे साहेब हसले. "गप्पा मारायला ठेवलंय का तुम्हाला?" म्हणत माझ्याकडे वळले, आणि मी म्हणाले, मला यातलं काही माहीत नाही. तू नोकरी सोडलीस, मी निरोप द्यायलाही आले नाही. येत्या सोमवारी माझी पाळी आली की हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. पण त्याआधी ते तुझ्यापाशी कबूल करायला हवं होतं.

उशिरा का होईना, बोललेली
तुझीच मैत्रीण