तुमचे बंधू गाडी भाजतात

तीर्थरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरल्यामुळे फार वाकता आलं नाही, पण नमस्कार पूर्ण धरावा.) तुमचा खोकला थांबला का? भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? ते अजून जिना चढून गच्चीत जात असतील आणि तुम्ही खालून ओरडत असाल, तर त्याच ओरडण्याने खोकला लांबतोय, हे माझं मत जपून ठेवा. इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. घराच्या भिंती जागेवर आहेत, मागच्या शेडवर छप्पर आहे आणि शेजारी अजून आमच्याशी बोलतात. हे सगळं मुद्दाम लिहावं लागतंय यावरूनच काय ते समजा.

मागे तुम्ही फोनवर विचारलंत, आमचं शेंडेफळ, म्हणजे हे, कसं आहे, आणि मी "मजेत" म्हणून घाईघाईने फोन ठेवला. दूध वगैरे काही उतू जात नव्हतं. खोटं बोलून झाल्यावर पुढे काय बोलावं ते सुचेना. आता सगळं ठीक आहे म्हणून सांगते. तुम्हाला माहीतच आहे, यांचा जन्म कारखान्याच्या तपासणी खात्यात गेला. इतरांनी वस्तू बनवायची आणि यांनी ती उजेडात धरून "नापास" म्हणायचं. निवृत्त झाल्यावर यांनी घर तपासायला घेतलं. पडदा एका बाजूने बोटभर खाली आहे, कपाटाचं दार घासतंय, भाजीत मीठ कमी आहे, पायपुसणं तिरकं आहे. मी वैतागून गेले होते. मग हळूहळू तेही बंद झालं. रोज सकाळी कामावर जायचा पांढरा सदरा घालायचा, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं आणि दिवस मावळला की सदरा काढून ठेवायचा. मीठ घालायला साफ विसरले तरी मुकाट्याने जेवून उठायचे. वन्सं, तेव्हा मात्र मी यांना धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासून काही नाही म्हणून सांगितलं. काही नाही, हाच तर आजार होता.

अशात एक दिवस गाडीत पाणी भरायला म्हणून यांनी बॉनेट उघडलं, तर इंजिनावरच्या झाकणाच्या रंगाचे पोपडे निघालेले. ते झाकण रंगवायला एका दुकानात दिलं. परत आलं ते फोड आल्यासारखं. यांनी ते खिडकीत धरलं, उलटं केलं, नखाने खरवडलं आणि कितीतरी दिवसांनी यांच्या तोंडून तो शब्द निघाला. नापास! मला इतका आनंद झाला की मी दुकानदाराला मनातल्या मनात आशीर्वाद दिला. पुढे जे ऐकलं त्याने तो परत घ्यावासा वाटला. हे म्हणाले, आता घरीच करतो.

या प्रकाराला पावडर कोटिंग म्हणतात. (आता मला यातलं इतकं कळतं की लग्नकार्यात कोणी शेजारी बसलं तर त्याची धडगत नाही.) ओला रंग नसतोच. रंगाची कोरडी पूड पिस्तुलासारख्या यंत्रातून लोखंडावर उडवायची, विजेमुळे ती तिथे चिकटून बसते, आणि मग ती वस्तू भट्टीत भाजायची की पूड वितळून गुळगुळीत रंग तयार. भाजायची हा शब्द ऐकताच मी स्वयंपाकघराकडे धावले, तर स्वारी माझ्या ओव्हनमध्ये टेप घालून लांबीरुंदी घेत होती. मी ओव्हनला पाठ लावून उभी राहिले. त्यात एकदा हे भाजलं की पुन्हा कधीच खायचं काही करायचं नसतं, हे यांनीच प्रामाणिकपणे सांगून टाकलं आणि स्वतःचा दावा हरले. शेवटी भंगारवाल्याकडून एक म्हातारा ओव्हन आला. तो मागच्या शेडमध्ये बसवला, आणि त्याच्या मागोमाग हेही शेडमध्ये राहायला गेले म्हणा ना.

वस्तू आधी लख्ख धुवायची असते. माझ्या भांड्यांच्या घासण्या एकेक करून नाहीशा झाल्या. धुतल्यावर तिला उघडा हात लावायचा नाही, बोटांच्या तेलाचा डाग रंगाखाली उमटतो. म्हणून हे हातमोजे चढवून, दोन्ही हात वर धरून, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे शेडमध्ये उभे राहायचे आणि नाकाला खाज सुटली की मला हाक मारायचे. मी गॅस बारीक करून जायची, नाक खाजवायची, परत यायची. तेवढ्यात कान. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला इतक्या वेळा हाक मारली नव्हती, त्यामुळे मी कुरकुर करत का होईना, जात राहिले.

झाकण अवघड म्हणून पहिला मान बॅटरीखालच्या एका पट्टीला मिळाला. तिच्या पोटात रबराची एक चकती बसवलेली होती. ती काढायची राहिली. (दुसऱ्याच्या हातून राहिली असती तर यांनी कारखाना बंद पाडला असता.) ओव्हन तापला आणि दारातून जो काळा धूर निघाला म्हणता! वासाने डोळ्यांत पाणी आलं. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर पाण्याची बादली घेऊन कुंपण ओलांडून आले. विजेच्या ओव्हनवर ते बादली ओतणार तोच मी बादली धरली, त्यांनी सोडली नाही, आणि आम्हा दोघांत ती माझ्याच अंगावर रिकामी झाली. हे मात्र शांतपणे प्लग काढून, चष्मा पुसत धुराचा रंग बघत होते. धूर ओसरल्यावर पोस्टमास्तर रागावतील म्हणून मी शब्द जुळवत होते, तर त्यांनी हळूच विचारलं, आमच्या फाटकाची बिजागरी होईल का हो यात?

आता मुख्य गोष्ट सांगते. पूड वस्तूकडे ओढली जावी म्हणून पिस्तुलाची एक तार त्या वस्तूला जोडायची असते. यांनी झाकण लोखंडी आकड्याने लटकवलं माझ्या कपडे वाळत घालायच्या तारेला, आणि पिस्तुलाचा चिमटाही त्याच तारेला लावला. त्या तारेवर माझं धुणं होतं, ओलं. म्हणजे विजेच्या हिशेबाने माझा परकर, उशीचे अभ्रे आणि यांचा तो पांढरा सदरा हे सगळे गाडीचेच भाग ठरले. पूड फिकट राखाडी. कपडे वाळल्यावर मी झटकले, धूळ असेल म्हटलं, आणि सदरा इस्त्रीला घेतला. इस्त्री पाठीवरून फिरली आणि वन्सं, सदऱ्याच्या पाठीवर चकचकीत, राखाडी, टिकाऊ पट्टा उमटला. उरलेला रंग इस्त्रीने स्वतःला लावून घेतला.

तो साधा सदरा नव्हता हो. त्यात यांचं सगळं आयुष्य होतं, आणि मी ते भाजून ठेवलं होतं. आता हे पुन्हा गप्प होणार, या विचाराने मी सदरा मागे लपवून उभी होते. यांनी तो माझ्या हातून काढून घेतला. खिडकीत गेले. तिरका धरला. नखाने कड खरवडली. मग मला विचारलं, "इस्त्री कशावर ठेवली होतीस?" मी म्हटलं, सुतीच्या खुणेवर. तर म्हणतात कसे, "बरोबर. कडा झकास बसल्यात. पास!" आणि हसायला लागले. असे हसले की खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मीही हसले आणि मग मला रडूच कोसळलं. यांना वाटलं मी इस्त्रीसाठी रडतेय, म्हणून नवी आणतो, नवी आणतो म्हणत राहिले. मी यांचा तो समज दुरुस्त केला नाही. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

त्यानंतर आमची गाडी सुटी झाली आणि परत जोडली गेली. मध्ये बोल्टच्या भोकांतही रंग बसल्याने बोल्ट आत जाईनात आणि हे दोन दिवस स्वतःवरच चिडले होते, तेही मला गोड वाटलं. आता गाडी बाहेरून पूर्वीसारखीच पोचे पडलेली आहे, पण बॉनेट उघडलं की आत नवरी नटून बसलीय. त्यामुळे जाऊ तिथे बॉनेट उघडावं लागतं. परवा पेट्रोल पंपावर उघडलं. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा कल्लोळ, आणि हे पंपावरच्या माणसाला वाकून बघायला लावतायत. मी सीटवर खाली सरकून बसले होते, पण खरं सांगते, मनातून ऊर भरून आला होता.

भाऊजींना नमस्कार. खोकल्याचं औषध घ्या, नुसतं कपाटात ठेवू नका.

तुमची,
भावजय

ता. क. या पत्रातलं यांना काही कळू देऊ नका. मी आपलं सहज लिहिलंय असं समजा.

आणखी एक ता. क. सहज लिहिलेलं नाही. आमच्या गाडीत आता सुटं होऊन ओव्हनमध्ये मावेल असं काही उरलेलं नाही. पोस्टमास्तरांची बिजागरीही झाली. काल हे दुपारभर शेडमध्ये नुसते बसून होते आणि मला पुन्हा धसका बसला. तर भाऊजींच्या गाडीचं निघेल ते काढून पार्सल करा. गंजलेलं असेल तर उत्तम, नसेल तर चार दिवस अंगणात पाण्याखाली ठेवा. आणि विनंती करू नका. दुसऱ्या कोणी रंगवलं आणि त्याने वाट लावली, असं सांगा. दुसऱ्याची चूक म्हटल्याशिवाय हा माणूस जागचा हलायचा नाही.

ताई, हिने पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट एका कोपऱ्यात नीट चिकटलं नव्हतं, म्हणून पूर्ण उघडून पुन्हा चिकटवतो आहे. सामान जरूर पाठव, पण धडधाकट लोखंडावर पाणी ओतू नकोस, आणि भाऊजींना खोटं बोलायला लावू नकोस, त्यांना जमत नाही. चूक नसली तरी मी उठेन. फक्त हे हिला सांगू नकोस. तिने इतका विचार करून योजना आखली आहे, ती पास झालेली तिला बघू दे.